चीनच्या रस्त्यांवरचें खाणें

मुंबई, पुणें किंवा नागपूर या शहरांत संध्याकाळीं चौकाच्या कोपऱ्यावर लाल रंगाची हातगाडी उभी राहते, मोठ्या आंचेवर लोखंडी कढई खणखणूं लागते आणि येणारेजाणारे 'चायनीज' मागतात. या एका शब्दानें काय मागितलें जातें, हें कोणाही शहरवासीयास समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु हाच मनुष्य चीनमध्यें उतरला आणि रस्त्यावरच्या गाडीपाशीं जाऊन त्यानें 'चिनी पदार्थ' मागितला, तर विक्रेता बुचकळ्यांत पडेल. कारण चीनच्या रस्त्यावर चिनी पदार्थ असा विकलाच जात नाहीं. तेथें त्येन्जिनचें धिरडें मिळतें, लानचौच्या शेवया मिळतात, वूहानची न्याहारी मिळते. देशाचें नांव परदेशांतल्या पाट्यांवर. घरीं नांव गांवाचें.

'मंचूरियन' हा पदार्थ तर मांचूरियांत कोणी ओळखणारही नाहीं. तो जन्मानें मुंबईकर असून त्याचें श्रेय सामान्यतः नेल्सन वांग या स्वयंपाक्यास दिलें जातें. 'शेजवान' हा शब्द मात्र खऱ्या प्रांताचा आहे. सिच्वान या नांवाचाच तो झिजलेला उच्चार. पण त्या नांवानें विकल्या जाणाऱ्या तांबड्या चटणींत सिच्वानची जी खरी खूण, तीच सहसा नसते. ती कोणती, हें ओघानें पुढें येईल.

चीनचें खाणें समजून घेण्यास नकाशावरची एक रेघ पुरेशी आहे. देशाच्या मध्यावर पूर्वपश्चिम पसरलेली छिनलिंग पर्वताची रांग आणि तिच्या पूर्वेस वाहणारी ह्वाइ नदी, यांच्या उत्तरेस कोरडा व थंड मुलूख आहे, तो गव्हाचा. दक्षिणेस पाऊस व चिखल, तो भाताचा. देशावरची भाकरी आणि कोंकणांतला भात यांमध्यें सह्याद्रि उभा आहे, तसाच हा प्रकार. या रेघेच्या उत्तरेकडून निघून दक्षिणेकडे उतरत जाणारा प्रवासी दर मुक्कामीं निराळीच न्याहारी करतो, आणि ती तो बहुधा उभ्याउभ्यानेंच करतो.

पेकिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, त्येन्जिनला जलद आगगाडीनें सुमारें अर्धा तास लागतो. या बंदराच्या शहरांत सकाळीं जागोजाग गोल तवे तापलेले दिसतात. तव्यावर मुगाच्या पिठाचें पातळ सरभरीत ओततात, लांकडी फावडीनें तें गोल फिरवून पसरतात, वर अंडें फोडून तेंही पसरतात, आणि कांद्याची पात भुरभुरवून धिरडें उलटतात. मग त्यावर गव्हाच्या आंबवलेल्या पिठाची काळसर गोड चटणी व आंबवलेला टोफू लावून, मध्यें तळलेल्या मैद्याची लांब कांडी किंवा कुरकुरीत पापडी ठेवून घडी घालतात. याचें नांव च्येनबिंग. महाराष्ट्रांतील गृहिणीस यांत अनोळखी असें फारसें कांहीं वाटणार नाहीं. मुगाचें धिरडें तिच्या घरचेंच आहे. तरीही चार पावलांवर भिन्न गाड्यांपुढें भिन्न रांगा कां लागतात, हें तिला विचारावेंसें वाटेल. उत्तर असें कीं, त्येन्जिनकर आपल्या धिरड्याबद्दल विलक्षण हट्टी आहे. पीठ मुगाचेंच हवें. आंत कोशिंबिरीचीं पानें किंवा मांसाचे तुकडे घालणें त्याला पाखंड वाटतें. कित्येक गिऱ्हाइकें अंडीं घरून आणतात आणि गाडीवाला तीं बिनतक्रार फोडून घालतो. २०१८ सालीं तेथील खाद्यव्यवसायाच्या एका संघटनेनें या धिरड्याचें प्रमाणपत्रकच काढलें आणि त्याचा व्यास ३८ ते ४५ सेंटिमीटर असावा असें ठरवून दिलें. त्यावर गांवांत हंशाही झाला. ज्याच्या मनगटांतच तें माप आहे, त्याला कागदावरचें माप कशाला, हा प्रश्न रास्तच होता.

धिरड्याच्या पोटांतील त्या तळलेल्या कांडीची एक आख्यायिका सर्व चीनभर सांगतात. सुंग घराण्याच्या काळीं यो फेइ नांवाच्या शूर सेनापतीस छिन ह्वेइ या मंत्र्यानें कपटानें मारविलें. ही गोष्ट ११४२ सालची. लोकांनीं संताप कसा व्यक्त करावा? एका विक्रेत्यानें म्हणे कणकेच्या दोन पट्ट्या एकमेकींस चिकटवून, मंत्री व त्याची बायको म्हणून उकळत्या तेलांत सोडल्या. आजही कांडी दुहेरीच असते. कथा खरी असो वा नसो, राज्यकर्त्यांवरचा राग गरमागरम खाऊन टाकण्याची सोय फार थोड्या देशांत आहे.

तेथून पश्चिमेस शीआन. जुन्या काळचें छांगआन तें हेंच. ह्युएन त्संग येथूनच हिंदुस्थानास आला, पुलकेशीच्या महाराष्ट्रांत फिरला आणि ६४५ सालीं ग्रंथांचे गठ्ठे घेऊन परत याच नगरांत पोहोंचला. त्याच्या वाटेनें व्यापारीही येत जात, आणि त्यांपैकीं मुसलमानांची वस्ती येथें कायमची राहिली. १३८० सालीं बांधलेल्या नगारखान्यामागच्या त्यांच्या गल्ल्यांत आज प्रवाशांची झुंबड असते. तेथील प्रसिद्ध खाणें म्हणजे मेंढीच्या मांसाचा रस्सा व रोटी. पण गंमत अशी कीं, गिऱ्हाइकापुढें प्रथम नुसती घट्ट रोटी आणि रिकामा वाडगा येतो. रोटीचे हरभऱ्याएवढे तुकडे स्वतःच्या बोटांनीं करावयाचे. तें झालें कीं वाडगा आंत जातो आणि आचारी तुकडे पाहून रस्सा बेततो. मोठे ओबडधोबड तुकडे करणारा परका आहे, हें त्याला न विचारतां कळतें.

मराठी प्रवाशानें मात्र शीआनमध्यें ल्यांगफी खाल्ल्याशिवाय पुढें जाऊं नये. कणीक मळून ती पाण्यांत धुवावयाची. पाणी दुधासारखें पांढरें होतें. तें निवूं द्यावयाचें, वरचें पाणी ओतून टाकून खालीं बसलेला चीक ताटलींत पातळ ओतून वाफवावयाचा, आणि त्या पारदर्शक पोळीच्या लांब पट्ट्या कापावयाच्या. धुवून उरलेला चिवट गोळाही फुकट जात नाहीं; तो वाफवून, स्पंजासारखे तुकडे करून त्यांत मिसळतात. व्हिनेगर, मिरचीचें तेल, लसूण व काकडी घालून हें सर्व थंडच खातात. उन्हाळ्यांत गच्चीवर कुरडया घालण्यापूर्वीं गव्हाचा चीक चाखलेल्या कोणासही यांतील मूळ वस्तु ताबडतोब ओळखूं येईल. फरक इतकाच कीं, महाराष्ट्रानें तो चीक पावसाळ्यासाठीं वाळवून ठेवला आणि शीआननें तो त्याच दिवशीं खाऊन टाकला.

आणखी पश्चिमेस, पिवळ्या नदीच्या कांठीं लानचौ हें शहर आहे. तेथें सकाळची पहिली भूक गोमांसाच्या स्वच्छ रश्शांतील नूडल्सनीं, म्हणजे ओल्या लांब शेवयांनीं भागवतात. कणकेचा दांडा दोन्ही हातांत धरून ओढावयाचा, दुमडावयाचा, पुन्हा ओढावयाचा. दर दुमडीस धागे दुप्पट होतात. केसासारखी बारीक कीं पट्ट्यासारखी रुंद, हें गिऱ्हाइकानें सांगावयाचें. कणीक इतकी ताणली जाते, ती तिच्यांतील खारामुळें. हा खार पूर्वीं माळावरचें एक झुडूप जाळून त्याच्या राखेपासून काढीत. पापडाला पापडखार लागतो त्याच जातीची ही युक्ति. हा वाडगा गांवाच्या जिवाला किती लागून आहे, हें २००७ सालीं दिसलें. त्या वर्षीं शेवयांचा भाव वाढतांच शहरांत एवढी ओरड झाली कीं, सरकारास त्याची कमाल किंमत ठरवून द्यावी लागली.

आतां छिनलिंग ओलांडून दक्षिणेस सिच्वानमध्यें उतरावें. येथील तानतान शेवयांचें नांव जगभर गेलें आहे, पण त्या नांवाचा अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. तान म्हणजे खांद्यावरची कावड. फेरीवाला एका पारड्यांत पेटलेली शेगडी व भांडें आणि दुसऱ्यांत शेवया, मसाले व वाडगे घेऊन गल्लोगल्लीं हिंडे. सबंध स्वयंपाकघर खांद्यावर तोलावयाचें, म्हणून सर्वच बेताचें: वाडगा लहान, रस्सा जवळजवळ नाहींच, कारण पाण्याचें ओझें कोण वाहील? तळाशीं तिखट तेल, वर शेवया, त्यावर चिमूटभर परतलेलें मांस व खारवलेली पालेभाजी. आज हाच पदार्थ मोठ्या हॉटेलांत चकचकीत भांड्यांतून येतो, तरी त्याचें लहानपण व कोरडेपण टिकून आहे. कावड गेली, पण कावडीनें घातलेली मर्यादा चवींत राहिली. रस्त्यावरच्या बहुतेक पदार्थांचें गुपित असेंच असतें. एखाद्या गरीब माणसाच्या अडचणीला पुढें लोक चव म्हणूं लागतात.

आणि आतां ती राहिलेली खूण. सिच्वानचें तिखट केवळ तिखट नसतें. तें जिभेला बधिर करतें. मिरची ही तेथें परकीच. ती अमेरिकेंतून आली, आणि तिचा चीनमधील पहिला लेखी उल्लेख १५९१ सालचा आहे. तिच्या कितीतरी शतकें आधीं तेथें ह्वाज्याव हें लहानसें फळ वापरांत होतें. तोंडांत टाकतांच ओठांना झिणझिण्या येतात, जणूं कोणी आंतून तार छेडली. २०१३ सालीं लंडनमधील संशोधकांनीं ही झिणझिण मोजली, तेव्हां ती सेकंदास सुमारें ५० कंपांच्या स्पर्शासारखी भरली. कोंकणांत व गोव्यांत बांगड्याच्या आमटींत जें तिरफळ घालतात, तें याच कुळांतलें. दोन्हींचें काळें बीं टाकून द्यावयाचें आणि टरफल तेवढें वापरावयाचें, हा नियमही एकच. वेंगुर्ल्याची आजीबाई चेंगतूच्या बाजारांत उभी केली, तर भाषेवाचून तिचें अडेल. पण मसाल्याच्या ढिगाशीं तिचें अडणार नाहीं. मुंबईच्या 'शेजवान' चटणींत मात्र तिरफळही नसतें आणि ह्वाज्यावही नसतें.

सिच्वानांतून यांगत्से नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेस गेलें कीं वूहान लागतें. नदी, रेल्वे आणि गोदी यांचें हें शहर; एक कोटीहून अधिक वस्तीचें. येथें सकाळचें खाणें घरीं करण्याची चाल फारशी नाहीं. न्याहारी करणें यासाठीं वूहानकर जो शब्द वापरतात, त्यांतील क्रियापद सण साजरा करण्याचें आहे. मुख्य पदार्थ र-कान-म्येन, म्हणजे 'गरम कोरड्या शेवया'. शेवया आदल्या वेळीं अर्धवट शिजवून, तेल चोळून, निववून ठेवतात. गिऱ्हाईक आलें कीं जाळीच्या पळींत घेऊन क्षणभर उकळत्या पाण्यांत बुडवतात, निथळतात आणि दाट तिळाचें वाटण, मुळ्याचें लोणचें व कांद्याची पात घालून कागदी वाडग्यांत देतात. बोटीच्या वेळेस धांवणाऱ्या हमालास याहून अधिक वेळ नसे. लोक अजूनही चालतां चालतां, बसथांब्यावर, जिन्यांत उभे राहून त्या कालवून खातात. तिळाचें वाटण झटकन् सुकतें, म्हणून बसून गप्पा मारण्यास तेथें सवडच नसते.

२३ जानेवारी २०२० रोजीं हें शहर रोगाच्या सांथीमुळें बंद करण्यांत आलें आणि ८ एप्रिलपर्यंत बंद राहिलें. त्या दिवसांत चीनमध्यें एक चित्र हातोहात पसरलें. त्यांत रुग्णालयाच्या पलंगावर माणूस नव्हता. शेवयांचा एक वाडगा आजारी पडला होता, आणि खिडकीबाहेर इतर गांवांचे पदार्थ त्याला धीर देण्यास जमले होते. चित्राखालीं कोणत्याही शहराचें नांव लिहिण्याची गरज नव्हती. शहर उघडलें तेव्हां माणसें प्रथम कशासाठीं रांगेंत उभीं राहिलीं, हें वेगळें सांगावयास नको.

आणखी दक्षिणेस क्वांगचौपर्यंत गेल्यास गव्हाचें राज्य सरतें. तेथें तांदळाच्या पिठाची तलम पोळी वाफेवर धरून गुंडाळी करतात, आणि पूर्वीं नावाडी ज्या मऊ पेजेंत मासळी घालून ती होडींतूनच विकीत, ती पेज आतां कांठावर मिळते. त्या शहराच्या खाद्यकीर्तीचा खरा विषय चहाघरें आहेत, रस्ता नव्हे. म्हणून येथें तेवढ्यावरच थांबणें बरें.

रस्त्यावर खाण्याची ही संवय आजकालची नाहीं. सुंगांची राजधानी खायफेंग ११२७ मध्यें शत्रूच्या हातीं पडल्यावर दक्षिणेस पळून गेलेल्या मंग युआनलाव नांवाच्या गृहस्थानें हरवलेल्या नगराच्या आठवणी लिहिल्या. ११४७ सालच्या त्या ग्रंथांत राजवाड्यांइतक्याच आस्थेनें रात्रीच्या बाजारांतले पदार्थ नोंदलेले आहेत. तिसऱ्या प्रहराच्या ठोक्यापर्यंत बाजार चाले आणि पांचव्यास पुन्हा उघडे. मनुष्य घर गमावतो तेव्हां त्याला कोपऱ्यावरचा विक्रेताही आठवतो.

तो विक्रेता पुढें अनेकदां नाहींसा झाला. १९५६ च्या सुमारास खासगी धंदे सहकारी व सरकारी झाले, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत हातगाडी हें भांडवलशाहीचें शेंपूट ठरलें. १९७८ नंतर धोरण पालटलें तेव्हां खेड्यांतून परतलेल्या बेकार तरुणांनीं प्रथम जे धंदे धरले, त्यांत खाण्याच्या गाड्या पुष्कळ होत्या. परंतु शहरें श्रीमंत झालीं आणि गाडी पुन्हा नकोशी झाली. १९९७ पासून बीजिंगमध्यें आणि मग सर्वत्र नगरव्यवस्थेचे रक्षक नेमले गेले. त्यांना छंगक्वान म्हणतात, आणि हा शब्द ऐकतांच फेरीवाला आपला बोजा आवरूं लागतो. भारतांत फेरीवाल्यांसाठीं २०१४ सालीं कायदा झाला. तरी 'गाडी आली' ही आरोळी मुंबईच्या फेरीवाल्यास अजून समजावून द्यावी लागत नाहीं, हेंही येथें आठवावें.

बीजिंगचा तुंगह्वामन येथील प्रसिद्ध रात्रबाजार जून २०१६ मध्यें बंद झाला. काडीला टोंचलेले विंचू पाहून परदेशी पाहुणे जेथें छायाचित्रें काढीत, तो हाच. त्याबद्दल शहरवासीयांनीं फार अश्रु ढाळले नाहींत; विंचू खाणारे बहुतांशीं पाहुणेच होते. खरी हानि निनांवी गल्ल्यांत झाली. जेथें जेथें जुन्या वस्त्या पाडून गाड्यांना एकाच छपराखालीं, सारख्या पाट्यांच्या रांगेंत बसविलें, तेथें तेथें एकच प्रकार घडला: भाडें वाढलें, भाड्यासाठीं भाव वाढला, आणि पहांटे चार वाजतां पीठ भिजवणाऱ्या जोडप्याच्या जागीं दूरच्या कारखान्यांतून तयार पाकिटें मागवणारा आला. सर्व शहरांतील अशा नव्या 'प्राचीन' गल्ल्यांत त्याच कांड्या, तोच सडक्या वासाचा टोफू आणि तेंच डाळिंबाचें सरबत दिसतें. स्वच्छतेच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें खोटें आहे, असें नाहीं. गटारांतून उपसलेलें तेल शुद्ध करून विकणाऱ्या टोळ्या २०११ सालीं पोलिसांनीं पकडल्या, तेव्हां सारा देश हादरला होता. पण तेलाच्या लबाडीस गाडीच तेवढी जबाबदार नव्हती, आणि शिक्षा मात्र गाडीलाच अधिक झाली.

सरकारचें मनही एकच नाहीं. १ जून २०२० रोजीं तत्कालीन पंतप्रधान ली ख-छियांग यांनीं येनथाय शहरांत टपऱ्या व लहान दुकानें हीं रोजगाराचें महत्त्वाचें साधन आहेत असें उघडपणें म्हटलें, आणि आठवड्याभरांत राजधानीच्याच वृत्तपत्रानें टपऱ्या राजधानीस शोभत नाहींत असें लिहिलें. चेंगतू शहरानें मात्र त्याआधींच मार्च महिन्यांत पदपथावर विक्रीस मुभा दिली होती. पुढें २०२३ च्या वसंतांत शानतुंग प्रांतांतील झिबो हें कारखान्यांचें गांव एकाएकीं प्रकाशांत आलें. तेथें लहान शेगडीवर भाजलेलें मांस पातळ पोळींत कांद्याच्या पातीसह गुंडाळून खातात. एवढ्यासाठीं विद्यार्थी आगगाड्या भरभरून आले आणि नगरपालिकेनें भट्ट्यांपर्यंत खास बसगाड्या सोडल्या. ज्या धुराबद्दल दंड होत असे, त्याच धुराचें स्वागत झालें.

परदेशी प्रवाशास कांहीं व्यावहारिक गोष्टी ठाऊक असाव्या. नाणीं खिशांत असून उपयोग थोडा. गाडीवर लावलेल्या चौकोनी चिन्हाचें मोबाइलनें छायाचित्र घेऊन पैसे चुकते करण्याची रीत सर्वत्र आहे, आणि परदेशी कार्ड आतां त्यास जोडतां येतें. ज्या गाडीपुढें शाळेचीं मुलें व म्हातारीं माणसें दिसतील, आणि पदार्थ डोळ्यांदेखत शिजेल, ती निवडावी. शाकाहारी मनुष्याची परीक्षा मात्र कठीण. 'मांस नको' म्हटल्यास विक्रेता वरचे तुकडे तेवढे वगळतो. रस्सा हाडांचा आणि तळणीचें तूप डुकराचें असूं शकतें, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं. 'सू' हा एक शब्द शिकून घ्यावा. बौद्ध परंपरेमुळें त्याचा अर्थ स्पष्ट आहे. शीआनची ल्यांगफी त्याला चालेल. अंडें चालत असल्यास त्येन्जिनचें धिरडेंही, पण तें बिनअंड्याचें मागितलें तर गाडीवाला कींव केल्यासारखा पाहील.

अशा मनुष्यास सर्वांत सोयीचा प्रांत म्हणजे नैर्ऋत्येचा युननान. चीनच्या बहुतेक भागांच्या पारंपरिक स्वयंपाकांत दुधाचे पदार्थ दुर्मिळ. पण येथें ताली गांवांत दुधाच्या चीजची पातळ पट्टी काडीवर गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात आणि गुलाबाचा मुरंबा लावून देतात. आणखी दक्षिणेस च्येनश्वे नांवाचें जुनें गांव आहे. त्याच्या विहिरींच्या पाण्याचा टोफू प्रसिद्ध. संध्याकाळीं कोळशाच्या शेगडीवर जाळी ठेवून टोफूच्या लहान चौकोनी वड्या भाजावयास घालतात आणि बुटक्या बाकांवर गिऱ्हाइकें भोंवतीं गोल बसतात. एखादी बाई चिमट्यासारख्या दोन काड्यांनीं वड्या फिरवीत असते. वडी फुगून तांबूस झाली कीं ज्याला हवी त्यानें उचलावी, कोरड्या तिखटांत किंवा ओल्या चटणींत बुडवावी. कोणी किती खाल्ल्या हें कोणी विचारीत नाहीं. बाईच्या बाजूस दर गिऱ्हाइकाच्या नांवची एकेक ताटली असते, आणि वडी उचलली कीं ती तिच्यांत मक्याचा एक दाणा टाकते. वाटेंत कोणाशीं बोलत असली तरी दाणा चुकत नाहीं. उठतांना ती ताटली पुढें करते, दाणे मोजते आणि तितक्या वड्यांचे पैसे घेते. मग दाणे पुन्हा डब्यांत ओतून रिकामी ताटली नव्या माणसापुढें मांडते.